थोरलीचा हिवाळा

सुमीचं वजन नवव्या महिन्यात सहा किलो चारशे ग्रॅम भरलं, तेव्हा डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी कार्डावरच्या रेषेखाली एक ठिपका दिला आणि पेनाचं टोक जरा वेळ तिथेच टेकवून ठेवलं. "पंद्रह जनवरी को फिर दिखाइए," म्हणाल्या. "पौने सात तो होना ही चाहिए."

ऑटोतून घरी येताना सुमीला शालीत गुंडाळून छातीशी धरलं होतं आणि डोक्यात तेच चाललं होतं. साडेतीनशे ग्रॅम. एवढे मटार तर मी एका बैठकीत सोलते.

मदन महल स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमचं घर. यंदाच्या हिवाळ्यात घरात आम्ही तिघंच, मी, माझा नवरा अजिंक्य आणि सुमी. सासू-सासरे दिवाळी आटोपून नागपूरला गेले होते, अमिताताईंकडे, माझ्या नणंदेकडे. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं, होळीपर्यंत मुक्काम तिकडेच. जाताना आईंनी मला घर सोपवलं आणि बाबांनी मासे.

मासे म्हणजे मागच्या व्हरांड्यातली चार फुटी काचेची टाकी आणि तिच्यातले चौदा पोठी. दुकानवाले त्यांना रोझी बार्ब म्हणतात. बाबांचं म्हणणं, दुकानातले वेगळे, हे आपल्या पाण्यातले. बावीस वर्षांपूर्वी बरगीकडच्या एका नाल्यातून कोणी सहा मासे आणून दिले होते, त्यांचंच हे खानदान. बाबा फॅक्टरीत भट्टीवर होते. लोखंड किती तापवायचं आणि किती वेळात निववायचं, हे त्यांचं छत्तीस वर्षांचं काम. रिटायर झाल्यावर ते डोकं त्यांनी टाकीला लावलं. पाण्यात एक काचेचा थर्मामीटर तरंगत असतो, हीटर मात्र नाही. मे महिन्यात पाणी बत्तीसला जातं, डिसेंबरात चौदाला उतरतं, आणि बाबा त्याला जाऊ देतात, उतरू देतात.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी कॅलेंडरच्या पानामागे चार ओळी लिहून टाकीवर चिकटवल्या. पाणी तापवायचं नाही. पंधराच्या खाली गेलं की दिवसाआड चिमूटभर खायला. हलत नाहीत म्हणून घाबरायचं नाही. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या पेनाने: सुमीला दाखवत जा.

दाखवायची सवय त्यांचीच. ऑक्टोबरात सुमीला वरणभाताचा पहिला घास त्यांनीच मांडीवर घेऊन टाकीसमोर भरवला होता. मासा काचेजवळून सुळकन गेला की सुमी आ करायची, की लगेच चमचा आत. एक मासा, एक चमचा. नागपूरला जाताना बाबा टाकीतले मासे घेऊन गेले असते तरी मला एवढं जड गेलं नसतं, जेवढं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलं. पाणी पंधरावर आलं आणि मासे बसले.

बसले म्हणजे खरंच बसले. तळाशी, दगडाच्या आडोशाला, एकाच दिशेला तोंड करून. अंगावरचा रंग उतरून राखाडी झालेला. कल्ले तेवढे हलायचे. सुमी काचेवर हात आपटायची, वाट बघायची, मग माझ्याकडे वळून बघायची, जणू मीच काहीतरी बंद केलंय. तोंड मिटलेलं. तीन चमचे, फार तर चार. मी चमच्याचं विमान केलं, ताटली वाजवली, मोबाइल लावला, तर तिने मोबाइल चाटला आणि भात थुंकला. एका सकाळी तर मी स्वतः टाकीमागे उभी राहून काचेतून तोंड उघडबंद करून दाखवलं. अजिंक्य नेमका तेव्हाच डब्बा विसरला म्हणून परत आला होता.

"तू पण बसली का त्यांच्यात?" तो म्हणाला.

"तू भरव मग."

"मला साडेसातला पंचिंग आहे, यार." आणि डब्बा उचलून गेला. त्याची चूक नव्हती. ओव्हरटाइम चालू होता, घरी यायला त्याला आठ वाजायचे.

दूध माझं कमी होत आलं होतं. सुमी तासातासाला ओढायची, पोट भरायचं नाही, मग रडायची, मग मी तिला खांद्यावर टाकून व्हरांड्यात फेऱ्या मारायची. दोरीवर लंगोट वाळत नव्हते. सिहोऱ्याहून अजिंक्यच्या मित्राने पोतंभर मटार पाठवले होते, ते एका कोपऱ्यात उभे होते, आणि येता-जाता मला वाटायचं की ते पण माझ्याकडेच बघताहेत, की बाई, आम्हाला कधी.

सदर बाजारात टाकीचे मासे विकणाऱ्याकडे मी गेले तेव्हा सुमी कडेवर झोपली होती.

"भाभीजी, ठंड में ये लोग बैठ जाते हैं," तो म्हणाला. "हीटर डाल दो. छब्बीस पे रखो. दौड़ेंगे."

हीटर म्हणजे काचेची एक नळी आणि वर आकड्यांचं चाक. घरी आल्यावर मी टाकीवरचा बाबांचा कागद वाचला. पहिलीच ओळ होती. तरी मी नळी पाण्यात सोडली आणि प्लग लावला.

"बाबांनी नाही म्हटलं होतं ना," अजिंक्य रात्री जेवताना म्हणाला.

"बाबा नागपूरला आहेत."

"माशांना हीटर. अन् आपला गीझर महिन्यापासून बंद पडून राहिला, त्याचं काही नाही." एवढं बोलून त्याने आणखी एक पोळी मागितली. विषय तिथेच संपला.

चौथ्या दिवशी पाणी सव्वीस झालं. मासे उठले. नर लालबुंद झाले, दिवाळीच्या कंदिलासारखे. काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती पळापळ. सुमीने दोन्ही हात हवेत टाकले आणि आ केला. त्या दिवशी अकरा चमचे. दुसऱ्या दिवशी चौदा. मी वाटी धुतली आणि मोरीपाशीच खाली बसून राहिले.

एकच अडचण होती. बाबा रोज सकाळी नऊला फोन करायचे. त्यांचा पहिला शब्द हॅलो नसायचाच.

"किती?"

टाकीच्या बाजूला पाण्याची एक बादली भरलेली असते, टाकीत पाणी बदलायला. मी थर्मामीटर काढून बादलीत टाकायची, मिनिटभर थांबायची आणि त्यात दिसेल तो आकडा सांगायची. "तेरा, बाबा." "साडेतेरा." आकडा मनाने सांगायची हिंमत नव्हती. भट्टीवरच्या माणसाला मनातला आकडा लगेच कळेल असं वाटायचं.

"छान," ते म्हणायचे. "बसू दे त्यांना. अन् सुमी?"

"खाते आहे."

"बस, मग झालं." आणि त्यांचा व्यायाम घेणारी पोरगी आली की फोन ठेवायचे.

हे तीन आठवडे चाललं. मासे पळत होते, सुमी खात होती, आणि मी दिवसातून दोनदा टाकीत दाणे टाकत होते, कारण आता त्यांना भूक लागत होती. सगळ्यात मोठ्या मादीला बाबा थोरली म्हणतात. सोनेरी, जाड, शेपटीपाशी एक काळा ठिपका. आता उजाडल्यापासून तीन नर तिच्या मागे असायचे. तिला शेवाळात रेटायचे, ती अंडी टाकायची, आणि बाकीचे लगेच ती खायला धावायचे. आठ दिवसांत तिचं पोट पुन्हा भरायचं आणि पुन्हा तेच. नाताळापर्यंत तिच्या शेपटीची कड फाटली. पोटाखालचा एक पर अर्धाच राहिला. पोट फुगलेलं, पण पाठ चाकूच्या पात्यासारखी. दाणे टाकले तर ती वर यायची नाही. कोपऱ्यात डोकं खाली करून उभी राहायची, तिथूनही तिला हुसकून काढायचे.

मला दिसत होतं. मी बघायची आणि चमचा पुढे करायची.

"बघ सुमी, बघ, कशी पळाली."

आ.

दोन जानेवारीला अजिंक्यला सुट्टी होती. त्याने नागपूरला व्हिडिओ कॉल लावला आणि मला न विचारता व्हरांड्यात आला. मी सुमीला मांडीवर घेऊन टाकीसमोरच बसले होते, एका हातात वाटी, एका हातात चमचा.

"बाबा, पाहा, तुमची नात जेवून राहिली," म्हणून त्याने मोबाइल फिरवला.

पडद्यावर बाबा पलंगावर तक्क्याला टेकून बसलेले, पाय चादरीखाली. आधी ते सुमीकडे बघून हसले. मग त्यांचं हसू होतं तिथेच थांबलं.

"विनीता," ते म्हणाले. "तो नर लाल काहून दिसून राहिला?"

"उजेड पडला असेल, बाबा."

"जानेवारीत असा उजेड नाही पडत." मग जरा वेळाने, "किती आहे?"

"ते... तेरा..."

"विनीता."

"सव्वीस."

सुमीने आ करून ठेवला होता, मी चमचा द्यायचा विसरले होते. मागून आईंचा आवाज आला, त्या पडद्यात दिसत नव्हत्या.

"म्हणजे इतके दिवस आपण सकाळी उठून कोणाचं टेम्परेचर विचारून राहिलो होतो?"

"बादलीचं," मी म्हटलं.

"चला, बादलीची तब्येत तरी बरी आहे म्हणायची."

अजिंक्य हसला, ताई हसल्या. बाबा नाही हसले. म्हणाले, "थोरली दाखव."

अजिंक्यने मोबाइल काचेला लावला. बाबा डोळे बारीक करून बराच वेळ बघत होते.

"हिला हिवाळाच नाही मिळाला," ते म्हणाले. माझ्याशी नाही, स्वतःशीच. "जून-जुलैत अंडी टाकली हिनं, सप्टेंबरात पुन्हा टाकली. आता हिनं काहीच करायचं नसतं. खायचं पण थोडं. आपल्याला वाटते पडून राहिली. ती पडून नाही राहत, ती भरून येऊन राहिली असते." मग मोठ्याने, "काहून केलं?"

"मासे बसले की सुमी खात नाही, बाबा. तीन चमचे. पंधराला वजन करायचं आहे तिचं."

अजिंक्यने मोबाइल स्वतःकडे वळवला. पण बाबांनी पुन्हा मलाच मागितलं.

"सवय मीच लावली," ते म्हणाले. "तुला काय म्हणू? मासे माझे आहेत, पोर आपल्या सगळ्यांची. तू ठरव. ठेवायचं असेल तर ठेव, मी काही म्हणणार नाही. पण बंद करशील तर एकदम बंद नको करू. भट्टीतून काढलेला तुकडा गार पाण्यात टाकला की तडकते. दिवसाला एक डिग्री. त्याच्यावर नाही."

"वजन नाही वाढलं तर?"

"ते मला नाही माहीत, बेटा," बाबा म्हणाले. "मला लोखंडाचं माहीत आहे, थोडं माशांचं."

त्या दिवशी मी काही ठरवलं नाही. कपडे घडी घातले, अर्धवट ओलेच. कुकर लावला. संध्याकाळी पाचला पुन्हा सुमीला घेऊन बसले. पहिल्याच घासाला तिन्ही नरांनी थोरलीला कोपऱ्यात रेटलं, ती तिरकी झाली, तिची पांढरी बाजू दिसली आणि ती कशीतरी सटकून काचेसमोरून गेली. सुमी खळखळून हसली. आ केला.

बघ, कशी पळाली. रोजचे शब्द. पण ते तोंडातून निघेनात. चमचा तसाच हातात राहिला, भात गार झाला. मी उठले आणि हीटरचं चाक सव्वीसवरून पंचवीसवर आणलं.

चोवीसपर्यंत काही फरक पडला नाही. बावीसला नरांचा रंग फिका व्हायला लागला आणि सुमी बारा चमच्यांवरून आठवर आली. विसाच्या खाली चाक जात नव्हतं, तिथे हीटर बंद करायचा होता. "टाकीला गोधडी गुंडाळ," बाबा म्हणाले. "निवू दे, पण दमानं. रोज एक पदर कमी कर." म्हणून मी आईंची जुनी गोधडी आणि दोन चादरी टाकीच्या तीन बाजूंनी बांधल्या, समोरची काच तेवढी उघडी ठेवली. अजिंक्य म्हणाला, आता हिला स्वेटर पण विण. रोज सकाळी एक कापड काढायची. रोज सकाळी नऊला फोन.

"किती?"

"एकोणीस."

"टाकीतलं?"

"टाकीतलंच, बाबा."

पाणी अठरावर आलं तशी सुमी पाच चमच्यांवर आली. सतराला तीन. मासे एकेक करून खाली गेले, दगडाच्या आडोशाला. थोरली सगळ्यात आधी. तीन नर तिच्या बाजूलाच थांबले, पण आता कोणाला कोणाशी काही घेणंदेणं नव्हतं. मी मनातल्या मनात ग्रॅम वजा करत होते. पंधरा तारीख तीन दिवसांवर होती. अजिंक्यला म्हटलं, मी चुकले का रे. तो बूट घालत होता. म्हणाला, "तू झोप ना थोडी, विनीता." कधी झोपू ते नाही सांगितलं.

त्या दुपारी मटारचं पोतं शेवटी उघडलं. अर्धे दाणे तर आता पिवळे पडायला लागले होते. सतरंजी टाकून भिंतीला टेकून सोलत बसले, सुमी दोन पायांच्या मध्ये. काही दाणे आधीच मऊ उकडून भातात टाकले होते, ते वाटीत गार होत होते. सुमीसमोर चमचा धरला, तिने तोंड फिरवलं. पुन्हा धरला, पुन्हा फिरवलं. टाकीत काही हलत नव्हतं.

मग मी सोडून दिलं. रागाने नाही, खरंच. हातच उचलेना. वाटी सतरंजीवर ठेवली, डोकं भिंतीला टेकवलं आणि म्हटलं, सुमे, नको खाऊ. मी पण नाही भरवत. दोघी बसू.

किती वेळ गेला माहीत नाही. झोपले नव्हते, पण जागी पण नव्हते. स्टेशनवरून गाडीची घोषणा ऐकू येत होती, पार शेवटपर्यंत. मांडीवर काहीतरी ओलं लागलं म्हणून डोळे उघडले.

सुमीचा हात वाटीत होता. तिने एक मटार धरला, सुटला. पुन्हा धरला. दोन बोटांत चेपला तसा तो सालातून बाहेर आला, आणि तिने तो मान खाली घालून, फार गंभीरपणे तोंडात घातला. तोंड चालत होतं. टाकीकडे तिचं लक्षच नव्हतं. ती वाटीकडे बघत होती. हनुवटीवर हिरवं, कपाळावर हिरवं, माझ्या साडीवर भात. पुढचा दाणा धरायला तिला बराच वेळ लागला, आणि मी मदत केली नाही.

मला उठून अजिंक्यला फोन लावावा असं वाटलं, वाटी भरून आणावी असं वाटलं, पण मी हलले नाही. श्वासही हळू घेतला. वाटायचं की आता संपलं, आणि तिचा हात पुन्हा आत जायचा. समोर बाबांचा कागद होता, चिकटपट्टीची एक बाजू सुटून लोंबत होती. तिसरी ओळ बसल्या जागेवरून वाचता येत होती: हलत नाहीत म्हणून घाबरायचं नाही.

पंधरा तारखेला काटा सहा किलो सातशे दहावर थांबला. पावणेसात नाही. डॉक्टरीणबाईंनी नवा ठिपका दिला, तो अजून रेषेच्या खालीच होता, पण आधीच्यापेक्षा रेषेला जवळ. "चलिए, चढ़ तो रहा है," म्हणाल्या. "क्या खिला रही हैं?"

"खुद खा रही है," मी म्हटलं.

"गंदगी करती होगी."

"बहुत."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी व्हरांड्यात होते. ऊन जाळीतून सतरंजीवर आलं होतं. सुमी वाटीत दोन्ही हात घालून बसली होती. फोन वाजला.

"किती?"

"पंधरा."

"बादली काय म्हणते?"

"तेरा."

"अन् थोरली?"

मी वाकून बघितलं. दगडाखाली, सगळ्यांच्या मागे. रंग राखाडी. फाटलेल्या शेपटीच्या कडेला एक पारदर्शक, पातळ पट्टी आल्यासारखी वाटत होती, पण ती खरंच आली होती की काचेवरचा उजेड होता, ते मला सांगता येईना.

"बसली आहे, बाबा. कल्ले हलताहेत."

"मार्चात पाहू," ते म्हणाले. "आताच नाही सांगता येत. तू काय करून राहिली?"

"मी पण बसले आहे."

पलीकडे त्यांच्या व्यायामवाल्या पोरीचा आवाज आला, तिला ते म्हणाले, थांब जरा, दोन मिनिटं. मग मला म्हणाले, "मग फोन चालूच राहू दे. कान दुखला तर बाजूला ठेव. मी आहे इकडे. तू बस."

मी फोन सतरंजीवर ठेवला. सुमीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा वाटीत हात घातला.